टेपवरचं कुंकू
दसऱ्याला झेंडूचा वास आला की मला तो साहेब आठवतो आणि डोकं तापतं. तेलगावकडच्या साखर कारखान्यात मी त्याच्या हाताखाली कॉम्प्युटर सांभाळायचो. त्या एकाच कॉम्प्युटरवर उसाच्या नोंदी 'लायब्ररी' म्हणायच्या त्या जुन्या कप्प्यात असायच्या आणि शेतकऱ्यांचे स्कॅन केलेले सातबारे नव्या फोल्डरांत. कॅसेटसारख्या टेपवर बॅकअप फक्त लायब्ररीचा निघायचा. फोल्डरांचा वेगळा घ्यावा लागतो, असं मी सांगितलं तर साहेब खेकसला, "मशीन एकच हाय बे, टेपवर सगळंच येतंय. मला शिकवतो का?" दसऱ्याला त्यानं त्या टेपला कुंकू लावून झेंडू वाहिला. दिवाळीत डिस्क गेली. टेपवरून नोंदी परत आल्या, सातबारा एकही आला नाही. भरल्या मीटिंगीत साहेब म्हणाला, "यानं मला सांगितलंच न्हाई." गावोगाव फिरून सातबारे पुन्हा गोळा करायला मलाच धाडलं. आता त्या खुर्चीत मी बसतो. टेपला कुंकू मीही लावतो, पण आधी तिच्यातला एक सातबारा उघडून बघतो. साहेबाला माफ मात्र केलेलं नाही.