मेंढीच्या नाकाला साबण

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या सालांतली गोष्ट. माझ्या लग्नाला जेमतेम महिना झालेला, अन् सासरच्या मेंढपाळ घरात साबण म्हणजे निव्वळ थेर. डोक्याला चिकणमाती, अंगाला दगड, संपलं! तरी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात ती गुलाबाच्या वासाची वडी दिसली की माझा जीव खालीवर व्हायचा. सगळे तिला बाईचा साबण म्हणत. आधी म्हणे नुसत्या लाल कागदात यायचा, कुणी घेईना. मग कागदावर न्हाऊन उठलेली बाई आली अन् खप वाढला. लढाईत वडी निम्मी झाली. बाई मात्र होती तेवढीच गुटगुटीत.

साबणवाल्याच्या जिभेला हाड नव्हतं. अर्धं उर्दू, अर्धं मराठी बोलून गिऱ्हाईक जमवायचा. त्या दिवशी त्यानं पैज लावली, काय वाट्टेल ते मळकं आणा, पांढरं करून दाखवतो. आमची मेंढरं बाजारालगतच्या शेतात लेंडीखतासाठी बसवलेली, सासू लोकर विकायला गेलेली. मी चार दिवसांचं, चिखलात लोळलेलं कोकरू उचललं अन् घुसले गर्दीत.

त्यानं बादलीत घालून असं चोळलं की फेसातून नुसते दोन कान दिसत होते. बाहेर आलं ते फुटलेल्या कापसासारखं. शिट्ट्या काय, टाळ्या काय, हसून हसून लोकांची पुरेवाट! मला एक वडी फुकट मिळाली. ती पदरात बांधून मी अक्षरशः नाचत आले.

कोकरू आईपुढं सोडलं. मेंढीनं हुंगलं अन् धाडकन ढुशी दिली. पुन्हा सोडलं, पुन्हा ढुशी. मेंढी लेकरू वासावर ओळखते, हे मला कुठून ठाऊक? माहेरची मेंढरं आज्यानंच विकून टाकलेली, आम्ही शेतीवाले. दुपार टळली, कोकरू ओरडून ओरडून गळून गेलं. दूध मिळालं नाही तर ते मरणार होतं, अन् मारणारी मी.

सासू आली. सांगताना माझी बोबडी वळली. मेंढीचंच दूध काढून तिनं कोकराला चोपडलं, पण गुलाब हटेना. मग माझ्याकडं वळली.

"वडी हाय का? हिच्या नाकाला लाव. दोघांचा वास बराबर झाला पाह्यजे."

माझ्या तोंडासाठी ठेवलेली वडी मी मेंढीच्या तोंडाला चोळली! नाक झालं, मान झाली, पाठ झाली. मेंढी शिंकली की फेस आमच्या डोळ्यांत. सासूनं मेंढीचे पाय धरले तर सासूच घसरून चिखलात बसली, अन् मला हसू आवरेना. तीही हसली. महिनाभरात तिचे दात मी पहिल्यांदा पाहिले.

मेंढीनं कोकराला हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं. कोकरू मुकाट खाली शिरलं अन् त्याची शेपटी थरथरायला लागली.

हाताला चिकटलेली साबणाची कपची मी फेकणार, तेवढ्यात सासूनं दोन्ही तळहात पुढं केले. भेगांत काळं भरलेले, वीतभर रुंद.

"उरलं असंल तर मलाबी लाव."

मी लावला. ती तळहात नाकाशी धरून किती तरी वेळ बसून राहिली.