आम्ही जॉइनर

मला सुतारकाम येत नाही. हातात रंधा दिलात तर फळीच्या आधी माझा अंगठा सोलून निघेल. तरीही शिरूरच्या एका सुतार संघटनेच्या वहीत माझी सही आहे. ती तिथे कशी गेली, असं कुणी हसत हसत विचारलं की मला अजून राग येतो. हसण्यासारखं त्यात आहेच, नाही असं नाही. पण कुणी हसायचं ते मी ठरवीन.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोरेगाव भीमापासून पुढे नगर रस्त्याला कारखाने उभे राहत होते, आणि प्रत्येकाला दारं, चौकटी, ऑफिसातली टेबलं लागत होती. त्यातली बरीचशी आमच्या शेडमध्ये व्हायची. पुढच्या भागात चौदा सुतार आणि मागच्या खोलीत आम्ही सहा बाया. आमचं काम पेपर मारायचं, म्हणजे तयार लाकूड काचपेपरनं घासून गुळगुळीत करायचं. सुतारांचा भुसा निदान खाली पडतो, झाडून टाकता येतो. आमचा भुगा पिठासारखा, तो दिवसभर हवेतच राहायचा. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमालावर सागवान. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क मावशींना बोलता बोलता अशी उबळ यायची की वाक्य अर्ध्यात सोडून त्या भिंत धरायच्या. खोलीला एक खिडकी होती, ती शेठनी खिळे मारून बंद केली होती. वारा आला की धूळ पुढे जाऊन ताज्या पॉलिशवर बसते म्हणे. पॉलिशला जपणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सुतारांमध्ये सगळ्यात जुने चाचा. दौंडला रेल्वेचे डबे दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. रिटायर झाल्यावर शिरूरला लेकीकडे राहायला आले आणि घरी बसवेना म्हणून आमच्या शेडमध्ये कामाला लागले. त्यांच्या अँग्लो-इंडियन फोरमननं दौंड सोडताना त्यांना एक पुस्तक दिलं होतं. विलायतेतल्या सुतारांच्या संघटनेचा इतिहास होता तो. चाचांना इंग्रजी येत नव्हतं. कित्येक वर्षं त्यांनी ते कापडात गुंडाळून ठेवलं होतं आणि अधूनमधून आतली चित्रं बघितली होती. मी दहावी झालेली आहे हे कळल्यावर एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं.

"वाच बेटी. आपल्या लोकांचं हाय."

आपले लोक म्हणजे राणीच्या राज्यातले गोरे सुतार! पण चाचांच्या लेखी ज्याच्या हातात रंधा तो आपला, मग तो कुठल्या का मुलखाचा असेना. मी भावाची डिक्शनरी आणली आणि अडखळत वाचायला लागले. भाकरी खाता खाता सगळे ऐकायचे. आधी गावोगावच्या सुतारांची आपापली लहान मंडळं होती, ती दारूच्या गुत्त्यात जमायची. हे ऐकून आमचे सुतार खूश झाले. मग ती मंडळं एक झाली. सभासदाची हत्यारं चोरीला गेली किंवा जळाली तर संघटना ती भरून द्यायची. हे वाक्य चाचांनी मला तीनदा वाचायला लावलं. मालक म्हणायचे, आम्ही कुठल्याही संघटनेत नाही असं लिहून द्या, तरच कामावर या. कितीतरी जणांनी दिलं नाही. उपाशी घरी बसले, पण सही केली नाही.

पुस्तकाच्या कव्हरवर लिहिलं होतं, कार्पेंटर्स अँड जॉइनर्स. बाकी अडलेले शब्द मी डिक्शनरीत बघायचे. हा बघितला नाही, कारण हा मला येत होता. पोरगा कंपनीत जॉइन झाला, असं आपण म्हणतोच. तेव्हा जॉइनर म्हणजे जॉइन झालेला, स्वतः सुतार नसून सुतारांना येऊन मिळालेला. मी तसंच सांगितलं. चाचांनी घास तसाच हातात धरून विचार केला.

"म्हंजी तुमी बाया?"

"व्हय चाचा. आमीच."

पुढच्याच महिन्यात कटर मशीनवर एका सुताराची दोन बोटं गेली. मशीनला जाळी नव्हती, आणि शेठ म्हणाले की त्याचंच लक्ष नव्हतं. त्या आठवड्यात आमची संघटना झाली. वहीत दोन रकाने आखले, एक कार्पेंटर आणि एक जॉइनर. दुसऱ्यात आम्ही पाचजणींनी सह्या केल्या. मावशींनी अंगठा उठवला. मागण्या दोनच लिहिल्या. मशीनला जाळी लावा आणि मागच्या खोलीत धूळ बाहेर ओढणारा पंखा बसवा. शेठनी कागद हातात घेतला नाही. मग सुतारांनी हत्यारं पेटीत घातली, आम्ही काचपेपर खाली ठेवले आणि सगळे फाटकाबाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसलो.

बसून करायचं काय, म्हणून वाचन चालूच राहिलं. तिसऱ्या दिवशी एका पानावर माझी जीभ अडली. तिथं लिहिलं होतं की ही संघटना वर्षानुवर्षं काम शिकलेल्या कारागिरांचीच होती, आणि हाताखालच्या मजुरांना तिनं कित्येक वर्षं दाराबाहेर ठेवलं. बायांचा तर विषयसुद्धा नव्हता. आणि जॉइनर म्हणजे दारं-खिडक्यांचे सांधे जोडणारा सुतार, हेही तिथंच होतं. मी चार पानं एकदम उलटली आणि पुढचं वाचायला लागले. कुणाला कळलं नाही. आपण खोटं बोललो नाही, फक्त वाचलं नाही, अशी मी तेव्हा मनाची समजूत घातली. आता सरळ सांगते, ते खोटंच होतं. आणि तशीच वेळ आली तर मी ती पानं पुन्हा उलटीन.

पाचव्या दिवशी शेठ फाटकावर आले. बरोबर पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा, आणि त्याच्या हातात विटेएवढी डिक्शनरी. आमच्या वहीतल्या रकान्यांची बातमी आत पोचली होती. त्यानं पान उघडून जॉइनरचा अर्थ वाचला, मराठीत सांगितला आणि माझ्याकडे बघून हसला. दोन-तीन सुतारही हसले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वगैरे काही झालं नाही. त्या डिक्शनरीनंच त्याच्या टाळक्यात हाणावं असं वाटलं.

शेठ म्हणाले, "जाळी उद्या बसवतो. सुतारांनी आत या. संघटना सुतारांची आहे, बायांचा त्यात काय संबंध? त्यांच्या जागी मला दुसऱ्या मिळतील."

सुतारांत कुजबुज सुरू झाली. बोटं गेलेल्या माणसाचा भाऊच म्हणाला, "जाळी तर मिळतीया. चला आत. बायांचं नंतर बघू."

नंतर! मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण पहिला शब्द निघायच्या आत उबळ आली आणि त्यांनी माझा खांदा धरला. शेठचा मुलगा डिक्शनरी मिटून दुसरीकडे बघायला लागला.

खोकला थांबल्यावर चाचा उठून माझ्यापुढे आले आणि विचारलं, "बेटी, तू पुस्तक वाचलंस. पुस्तकात काय हाय?"

चौदा सुतार माझ्याकडे बघत होते. आणखी एक थाप मारता आली असती, जिभेवर आलीही होती. पण समोर चाचा होते, आणि इतकी वर्षं कापडात जपलेलं त्यांचं पुस्तक माझ्या मांडीवर होतं.

"धाकटे शेठ म्हणत्यात तेच हाय," मी म्हणाले. "जॉइनर म्हंजी सुतारच. मजुरांना बी घेत नव्हते, आन् बाया तर न्हाईतच. चाचा, मी ती पानं उलटली. मला आधीच कळलं हुतं."

चाचांचा चेहरा पडला. माझ्यामुळे पडला, आणि त्याचं मला त्या वेळी फार वाईट वाटलं. त्यांनी माझ्याकडून पुस्तक घेतलं, उघडलं, वाचता येत नसताना त्या पानांकडे बघितलं. शेठनी फाटक उघडून धरलं होतं. एक सुतार पेटी उचलून उठलासुद्धा, त्याच्यामागे आणखी दोघं-तिघं उठले.

"मंग त्यांचं चुकलं," चाचा म्हणाले.

एवढंच बोलून ते आपल्या हत्याराच्या पेटीवर परत बसले. पहिला उठलेला सुतार त्यांच्याकडे वळला. मग त्यानंही पेटी खाली ठेवली आणि तिच्यावर बसला. बायांचं नंतर बघू म्हणणारा सगळ्यांत शेवटी बसला, तोंड वाकडं करून, पण बसला. शेठनी दुसऱ्या बाया आणल्या नाहीत असं नाही. टेम्पो भरून आणल्या. त्या फाटकाशी उतरल्या, आमच्याकडे बघितलं, मावशींचा खोकला ऐकला आणि त्यातल्या निम्म्या आमच्या शेजारी येऊन बसल्या. उरलेल्या घरी गेल्या. आधी तयार होऊन पडलेली, पेपर न मारलेली दारं शेठनी एका कारखान्याला पाठवली, तर ती त्याच गाडीनं परत आली.

आणखी आठ दिवसांनी जाळी आली आणि पंखाही आला. कुठल्यातरी बंद पडलेल्या गिरणीतला जुनाट पंखा होता, खिडकीचे खिळे उपसून तिथं बसवला. सुरू झाला की सगळी खोली थरथरायची. मावशी त्याच्या समोरची जागा सोडायच्या नाहीत.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत चाचा मागच्या खोलीत आले, त्यांच्या मागून तेरा सुतार आले. चाचांनी पुस्तक माझ्यापुढे ठेवलं.

"जी पानं सोडलीस ती वाच. सगळी वाच. ते कुठं चुकले ते कळू दे आपल्याला."

पंख्याचा आवाज इतका होता की ती पानं ओरडून वाचावी लागणार होती. कुणीतरी पंखा बंद करायला उठलं, तर मावशींनी त्याचा हात धरला. मग मी ओरडून वाचलं.