चार फरश्या आणि शनिवारची घंटा

शनिवारी दुपारी तीनला चर्चची घंटा वाजली आणि लेओनहार्डने हातातली थापी बादलीत टाकली. चुलीच्या तोंडाशी चार फरश्या बसवायच्या राहिल्या होत्या, लोखंडी दार जमिनीवर पडलं होतं, आणि उद्या नातीच्या बाप्तिस्म्याला चौदा माणसं जेवायला येणार होती. मांस भाजायची घरातली सोय म्हणजे हीच चूल.

“चारच तर फरश्या आहेत,” क्रेसेन्स म्हणाली.

“फायरआबेंट,” एवढंच बोलून नवरा हात धुवायला गेला.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. हा जर्मन शब्द त्याच्या डोक्यात तिनेच भरवला होता. लग्न झालं तेव्हा हा बाबा रविवारीसुद्धा लोकांच्या चुली बांधत हिंडायचा. चर्चमध्ये दिसला तर दिसला. तेव्हा तिनेच त्याला बजावलं होतं, फायर म्हणजे सण, आबेंट म्हणजे संध्याकाळ. सणाची आदली संध्याकाळ, ती देवाची. ऑफिसातले लोक पाच वाजले की रोजच तो शब्द म्हणत बिअर प्यायला सुटतात, ते मागाहून आलेलं. शनिवारच्या घंटेनंतर हत्यार उचलायचं नाही. तीस वर्षं तिने हाच घोशा लावला, आणि तो फळाला यायला नेमका आजचा दिवस मिळाला.

तिने फादरना फोन केला.

“निकड असेल तर हरकत नाही म्हणतात फादर.”

“मग त्यांनाच पाठवून दे. थापी बादलीत आहे.”

“सकाळपासून करत काय होतास?”

“जुना गिलावा खरवडत होतो. नीट कर, असं तूच म्हणालीस.”

“चौदा जणांना काय तुझा गिलावा वाढू?”

“ओटिलिएकडे भट्टी आहे की.”

शेजारीण ओटिलिए वर्षभर ऐकवणार होती. क्रेसेन्सने तिरीमिरीत स्वतःच थापी उचलली, तिला स्वतःचाच नियम आठवला आणि तिने ती पुन्हा बादलीत आपटली. भिंतभर शिंतोडे उडाले. आता तेही सोमवारपर्यंत तसेच.

लेओनहार्डने मांसाचं जड भांडं उचललं. ती चरफडत त्याच्या मागे ओटिलिएकडे निघाली.

“चूल बांधणाऱ्याच्या घरचं मांस माझ्या भट्टीत?” ओटिलिए दारातच म्हणाली.

“उद्या सातला आत घाल,” क्रेसेन्स म्हणाली, “आणि हसायचं ते आत्ताच हसून घे. उद्या पाहुण्यांसमोर नको.”