यान्बूची रोडिओ राणी

आसावरी धारप ही एके काळी रोडिओ राणी होती, असं कुणाला सांगितलं तर समोरचा माणूस आधी हसतो आणि मग रोडिओ म्हणजे काय ते विचारतो. रोडिओ हा अमेरिकन लोकांचा घोड्यांचा खेळ. पिंपांना वळसे घालत घोडा फेकायचा, दोर टाकून वासरू धरायचं, असले धसमुसळे उद्योग. राणी म्हणजे खेळाच्या सुरुवातीला झेंडा घेऊन भरधाव फेरी मारणारी, हॅटवर मुकुट आणि खांद्यावर पट्टा लावून वर्षभर गावोगावच्या रोडिओंना जाणारी मुलगी. चिपळूणच्या धारपांची पोर या भानगडीत कशी पडली, हे सांगायचं तर सौदी अरेबियातल्या यान्बूला जावं लागेल.

तांबड्या समुद्राकाठचं हे गाव म्हणजे तेलाचे कारखाने आणि उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ. आसावरीचे वडील कुमार धारप तिथं कंपनीत इंजिनिअर होते. भारतीय शाळा दहावीला संपायची. मुलगे पुढं शिकायला भारतात जायचे. मुलीला हॉस्टेलवर ठेवायला आई, विभावरी, तयार नव्हती. म्हणून आसावरी घरी बसून बाहेरून बी.ए. करत होती. कॉलेज नाही, नोकरी नाही, गाडी चालवायची मुभा नाही. एकोणीस वर्षांची धडधाकट मुलगी खिडकीतून समोरच्या घराचा एअरकंडिशनर बघत दिवस काढते, याला आयुष्य म्हणायचं असेल तर म्हणावं.

कंपनीच्या वसाहतीत कुंपणाच्या आत अमेरिकनांचा घोड्यांचा क्लब होता. तिथल्या मिसेस हॅलोरन यांची पाठ धरली आणि त्यांच्या बदामी घोडीला फिरवायला कुणीतरी हवं होतं. घोडीचं नाव बिस्किट. आसावरी गेली, पडली, पुन्हा बसली, आणि दोन वर्षांत अशी बसायला लागली की अमेरिकन बायका पोरांना बोट दाखवून सांगायच्या, पाठ अशी ठेवा. तबेला सांभाळणारा इसहाक श्रीवर्धनकडचा होता. तो म्हणायचा, "बाय, ही घोडी तुजा आवाज वलखते. आमी हाक मारली तर कानपन हलवत नाय."

नव्वद सालच्या सुरुवातीला, थंडीत, पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्या क्लबांची मिळून राणी निवडली. अमेरिकन मुली त्या वयात शिकायला मायदेशी गेलेल्या असायच्या, त्यामुळं स्पर्धेत दोन शाळकरी पोरी आणि आसावरी. पण ती जिंकली ती काही कुणी उरलं नव्हतं म्हणून नव्हे. तिनं झेंडा घेऊन जी फेरी मारली ती बघून विभावरीनं तोंडावर पदर धरला आणि तो फेरी संपेपर्यंत काढला नाही.

मग प्रवास सुरू झाले. पहिला रोडिओ जेद्दाजवळच्या एका वसाहतीत, दुसरा ताइफच्या डोंगरावर. पुढं इसहाकची गाडी, तिच्यामागं जोडलेल्या पेटीत बिस्किट. तिच्या मागं धारपांची टोयोटा. मागच्या सीटवर दशम्यांचा डबा, लसणाची चटणी, आणि गुडघ्यावर हॅटचं खोकं धरून बसलेली राणी. परगावी जायचं तर कंपनीचं पत्र लागायचं. धारप ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून, इकाम्यासकट, म्हणजे तिथं राहायच्या परवान्यासकट, शर्टाच्या आत ठेवायचे. रस्त्यात पोलीस दिसला की त्यानं थांबवण्याआधीच गाडी हळू करायचे. एकदा तर एका हवालदाराला, "जाऊ का?" असं विचारायला म्हणून खाली उतरले. तो बिचारा झाडाखाली चहा पीत होता. त्यानं उठून सगळ्यांचे कागद तपासले, पेटी उघडायला लावली, घोडीचे दात बघितले.

हा धारपांचा स्वभावच. माणूस सज्जन, कामाला वाघ, पण विचारल्याशिवाय श्वास घ्यायचा नाही. नव्या घरात कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा तर त्यांनी हाउसिंग ऑफिसात जाऊन विचारलं. ऑफिसानं नाही म्हटलं. आजूबाजूच्या प्रत्येक घरात भिंतींना खिळ्यांची चाळण झालेली होती. धारपांचं कॅलेंडर मात्र वर्षानुवर्षं फ्रीजवर आडवं पडून राहिलं आणि चतुर्थी कधी ते बघायला विभावरीला स्टूल घ्यावं लागायचं. हा एका धारपांचाच दोष नव्हे. नोकरी टिकवणं हेच ज्यांच्या घरात कर्तृत्व समजलं जातं, त्या आपल्या सगळ्या साहेबभिऱ्या लोकांचा हा पिढीजात आजार आहे.

पण रस्त्यावर असताना आसावरीला यातलं काही बोचत नसे. खिडकीबाहेर उघडे डोंगर, मध्येच खजुरीचा पट्टा, पुढं पेटीच्या फटीतून उडणारी बिस्किटची शेपटी. आपण कुठंतरी जातो आहोत आणि तिथं कुणीतरी आपली वाट बघतं आहे, एवढंच तिला पुरेसं होतं. तसं तिला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. नोव्हेंबरात पूर्व किनाऱ्याचा मोठा रोडिओ होता. वाळवंट आडवं पार करून जायचं होतं. ती त्याच्या गोष्टी करत झोपायची.

ऑगस्टात इराकनं कुवेत घेतलं. आठवडाभरात अमेरिकन बायकापोरं सामान अर्धं टाकून विमानात बसली. मिसेस हॅलोरननी जाताना बिस्किटची दोरी आसावरीच्या हातात दिली आणि रडत सांगितलं, "मी परत येईपर्यंत ही तुझी. राणीजवळ घोडा असायलाच हवा." चाऱ्याच्या गंज्या त्यांनी कोठीत छतापर्यंत रचून ठेवल्या होत्या. बाकीचे घोडे कुणी जेद्दाला हलवले, कुणी विकले. तबेल्यात बिस्किट एकटी उरली.

भारतीयांना कुठं जाता येत नव्हतं. पासपोर्ट कंपनीकडे, रजा बंद. लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होते, रेडिओला कान लावून बसत होते. आसावरी मात्र रोज सकाळी तबेल्यात जायची. नोव्हेंबरचा रोडिओ रद्द झाला. तिनं तेवढंही गिळलं. घोडी राहिली की झालं. लढाई संपेल, लोक येतील, रस्ते उघडतील. तिच्या सगळ्या आशा त्या एका जनावराच्या दावणीला बांधलेल्या होत्या.

सप्टेंबरात एकदा जेवताना धारप म्हणाले, "त्या घोडीचं रीतसर विचारून घेतलं पाहिजे."

विभावरीचा हात वाढताना थांबला. "कुणाला?"

"प्रशासनाच्या साहेबांना. मालक परदेशी गेलेत. जनावर कंपनीच्या जागेत. उद्या कुणी म्हणालं, ही घोडी कुणाची, तर काय सांगायचं?"

"कुणी म्हणालंय का?"

"म्हणाल्यावर विचारायचं नसतं. आधी विचारायचं असतं."

"अहो, गप्प बसा ना थोडे दिवस! इथं लढाई तोंडावर आलीय, घोडीकडे बघायला वेळ कुणाला आहे?"

आसावरी म्हणाली, "बाबा, चारा आहे. इसहाकभाई आहेत. कुणाला काही त्रास नाही."

"मग परवानगी मिळेलच," धारप म्हणाले आणि समाधानानं ताक प्यायले. त्यांच्या मनात मुलीचं भलंच होतं. घोडी तिच्या नावावर पक्की करून द्यावी, असंच त्यांना वाटत होतं. हेच तर रडायचं कारण. वाईट माणसाशी भांडता येतं.

सौदी साहेब मुळीच दुष्ट नव्हते. धारपांनी नंतर घरी येऊन जसं घडलं तसं सांगितलं. साहेबांनी आधी चहा मागवला. मग विचारलं, "तबेल्यात अजून घोडा आहे? मला कुणी सांगितलंच नाही." धारप म्हणाले, आहे, म्हणून तर परवानगी हवी. साहेबांनी कपाळाला हात लावला. आणीबाणीच्या काळात वसाहतीत जनावर ठेवायचं नाही, असा वरून हुकूम होता. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी. आता साहेबांना माहीत झालं होतं आणि माहीत झाल्यावर त्यांनाही वरच्याला उत्तर द्यायचं होतं. "तू विचारलंस कशाला, धारप?" असं ते म्हणाले म्हणे, अगदी कळवळून. तबेला त्याच आठवड्यात रिकामा करायचा हुकूम निघाला.

आसावरी रडली, ओरडली, दोन दिवस जेवली नाही. धारप पुन्हा साहेबांकडे गेले. थोडी मुदत मिळेल का, असं विचारायला. मिळाली नाही. जेद्दाचे क्लब बंद झाले होते. घोडी फुकट न्यायलाही कुणी तयार नव्हतं. शेवटी दूर दक्षिणेला जिझानकडे मेंढ्या नेणारा एक व्यापारी हो म्हणाला.

त्याचा ट्रक सकाळीच आला. मेंढ्यांचाच ट्रक, वर छप्पर नाही, कडेला लाकडी फळ्या. आतल्या वासानं बिस्किट बिथरली. ड्रायव्हरनं ओढलं, इसहाकनं चुचकारलं, मागून काठीही लावून बघितली. घोडी चारही पाय रोवून उभी. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत घड्याळ दाखवायला लागला. इसहाकनं आसावरीकडे बघितलं आणि मान खाली घातली. काय करायचं ते तिला कळलं.

ती फळीवरून चढून ट्रकात गेली. वळून नेहमीसारखी हाक मारली. बिस्किटनं कान टवकारले आणि शांतपणे तिच्यामागोमाग चढून आली. दोरी बांधताना ती आसावरीच्या खांद्यावर नाक घासत होती. आता आपण पेटीत बसून कुठल्यातरी रोडिओला निघालो, असंच त्या जनावराला वाटलं असणार. आसावरी खाली उतरली, फळी लागली, ट्रक गेला. त्या दिवशी तिला आपल्या आवाजाची किळस आली आणि ती बरेच दिवस कुणाशी बोललीच नाही.

बिस्किट जिझानला पोचली नाही. तोच ड्रायव्हर पुढच्या खेपेला यान्बूला आला तेव्हा इसहाकनं त्याला गाठलं. मग इसहाक धारपांच्या दारात येऊन उभा राहिला. "बाय, खोटा नाय सांगनार. उनात वाटेतच पडली. पानी पाजलंनी, पन उठली नाय." विभावरीनं त्याला आत बोलावलं. तो आला नाही.

लढाई झाली. रात्री सायरन वाजले, ओले टॉवेल दाराच्या फटीला लावून झाले, क्षेपणास्त्रं पडली ती दुसरीकडे. यान्बूला ओरखडाही उठला नाही. वसाहतीत त्या लढाईनं गेलेला जीव असा एकच, आणि तोही घरच्याच माणसाच्या सज्जनपणानं.

ईद झाल्यावर अमेरिकन परतले. मिसेस हॅलोरन विमानतळावरून थेट तबेल्यात गेल्या आणि तिथून धारपांकडे आल्या. आसावरीनं सगळं सांगितलं. वडिलांचं नाव घेतलं नाही, "परवानगी मिळाली नाही" एवढंच म्हणाली. बाईंना ते कळेचना. त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "पण परवानगी मागितली कुणी? तिला नुसतं खायला घालायचं होतं." धारप तिथंच होते. ते उठून पाणी आणायला गेले.

मे महिन्यात यान्बूलाच रोडिओ झाला. नवी राणी तेरा वर्षांची होती, दात सरळ करायला तार लावलेली. रीत अशी की जुन्या राणीनं घोड्यावरून यायचं, नवीच्या बरोबरीनं उभं राहायचं आणि आपल्या हॅटवरचा मुकुट काढून तिच्या हॅटवर लावायचा. क्लबात आता घोडे मोजकेच होते. मिसेस हॅलोरन म्हणाल्या, कुणाचा तरी मागून आणू. आसावरी नको म्हणाली.

ती रिंगणात पायी गेली. मातीत बूट रुतत होते. नवी राणी उंच घोड्यावर. आसावरीनं टाचा उचलून हात वर केला, तरी पुरला नाही. दुसऱ्यांदाही पुरला नाही. लोकांनी प्रोत्साहन म्हणून टाळ्या वाजवल्या, त्यानं ते जास्तच लांबलं. शेवटी त्या पोरीनं वाकून मुकुट स्वतःच घेतला, स्वतःच लावला आणि भरधाव निघाली. तिच्या घोड्यानं उडवलेली धूळ खाली बसेपर्यंत आसावरी मध्येच उभी होती.

परत येताना ती नेहमीसारखी मागच्या सीटवर बसली. आसावरीच्या मनात महिनोन् महिने एक वाक्य तयार होतं. ते आज वडिलांना ऐकवायचंच, असं ठरवून ती आली होती. तेवढ्यात धारपांनी घसा खाकरला.

"तुझा हात पोचणार नाही, हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं गं," ते म्हणाले. "तिथं कडेला एक स्टूल पडलं होतं. आणून देऊ का, म्हणून मी त्यांच्या माणसाला विचारलं." त्यांचा आवाज बारीक झाला. "तो नको म्हणाला."

आसावरीनं त्यांच्याकडे बघितलं. मानेवर घाम, शर्टाच्या आत ते प्लास्टिकचं पाकीट. गावातल्या गावातसुद्धा ते बरोबर घेतलेलं. तिनं जपून ठेवलेलं वाक्य तोंडात तसंच राहिलं आणि मग तेही गेलं. रागावण्याजोगं समोर काही उरलंच नव्हतं. तिनं राणीचा पट्टा खांद्यावरून काढला, त्याची घडी केली आणि दशम्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवून झाकण लावलं.