बाप्पा काय म्हणाला?

आमच्या परळच्या गणपतीच्या कारखान्यात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक प्लास्टरची धूळ आणि दुसरे किस्से! नाकाला रुमाल लावला की धूळ तरी टाळता येते. किस्से चहा आला की आपोआप बाहेर पडतात. बाबांच्या मागे कारखाना मी चालवते, त्यामुळे बऱ्याच किश्शांत ओरडणारी बाई मीच असते, हे आधीच सांगून ठेवते.

माणसं तीनच लक्षात ठेवा. अण्णा, म्हणजे मूर्तीचे डोळे आखणारे, बाबांच्या वेळेपासूनचे. विनय, म्हणजे आमचा विन्या, अण्णांचा मुलगा. आणि पक्या, जो मूर्तीच्या अंगाला रंग मारतो आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवतो.

डोळ्यांची आखणी हे आमच्यातलं शेवटचं काम. त्याचा एक नियम बाबांनी घालून दिलाय. दोन्ही डोळे एकाच माणसाने काढायचे. एकाने उजवा काढला की डाव्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग गिऱ्हाईक दारात बोंबलत बसलं तरी चालेल. नाहीतर नजर जुळत नाही.

अण्णांची नजर कशी जुळायची! प्रभादेवीचे एक साहेब आले, म्हणाले, "मूर्ती सुंदर हवी." अण्णांनी त्यांना विचारलं, "मखर किती उंच?" साहेबांनी छातीशी हात धरून दाखवला. अण्णा म्हणाले, "आरतीला पुढे कोण उभं राहतं?" साहेब म्हणाले, "आई. पण ती हल्ली खुर्चीत बसते." अण्णांनी तेवढी नजर खाली उतरवली. विसर्जनानंतर साहेब पेढे घेऊन आले. आई दीड दिवस खुर्चीतून उठायलाच तयार नव्हती म्हणे!

*

एक दिवस अण्णा म्हणाले, "शुभा, बाप्पा माझ्याशी बोलतो."

आता दुसऱ्या कुठल्या धंद्यातला माणूस असं बोलला असता, तर लोकांनी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. गणपतीच्या कारखान्यात काय झालं? लोक अण्णांच्या पाया पडायला लागले! माझ्या आईने त्यांच्यापुढे नारळ ठेवला. शेजारच्या वाडीतल्या बायका मुलींच्या पत्रिका घेऊन आल्या. पक्याने तर सरळ विचारलं, "अण्णा, घराच्या लॉटरीत माझा नंबर लागतो का, तेवढं विचारा ना!"

अण्णा जेवेनात, झोपेनात. आम्हाला वाटलं, उपास करतायत. मग एका सकाळी मी कुलूप उघडून आत आले, तर अण्णा आधीच मागच्या दाराने येऊन बसलेले आणि ओल्या फडक्याने तयार मूर्तींचे डोळे पुसत होते. एकेक करून, रडत रडत. म्हणाले, "बाप्पा सांगतोय, मला बघायचं नाही. यंदा कोणाच्या घरी जायचं नाही."

देव बोलतो, इथपर्यंत मी ऐकून घेतलं. पण देव ऑर्डरी कॅन्सल करायला लागला, तेव्हा मी टॅक्सी बोलावली!

*

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई तरुण पण खमकी होती. तिने अण्णांच्या बायकोला विचारलं, "घरात आधी कोणाला मानसिक आजार?"

"छे छे!" वहिनी म्हणाल्या. "आमच्या घरात कोणाला नाही."

"नीट आठवा."

"एक चुलत सासरे होते. पण त्यांना वारं लागलं होतं. गावी मागच्या खोलीत ठेवायचे त्यांना. आणि आत्याबाई होत्या, पण त्या फक्त विहिरीशी बोलायच्या. बाकी एकदम नॉर्मल!"

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. विन्या माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू त्या क्षणी उतरलं, ते मी पाहिलं. घरात हा आजार होता आणि तो आजार आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, हे त्याला तिथे कळलं.

अण्णा बरे झाले. खरंच झाले. गोळ्यांनी हात मात्र बारीक थरथरायला लागला, म्हणून आखणी सुटली आणि ब्रश विन्याकडे आला. अण्णा आता रंग कालवतात, विन्याच्या पाठीशी बसतात आणि दुपारी जेवण झालं की "नैवेद्य!" असं ओरडून गोळी घेतात. एखाद्या दिवशी ओरड आली नाही, तर आख्खा कारखाना काम थांबवून त्यांच्याकडे बघतो.

*

विन्या बापाहून सवाई निघाला. फक्त एक खोट! साहेब गांजा ओढायचे.

आमच्याकडे थिनर, ऑइल पेंट, डिंक असे इतके वास असतात, की मला बरेच दिवस पत्ताच नव्हता. कळलं ते गिरगावच्या एका आजींमुळे. नाजूक, नऊवारीतल्या, सोबत सून. सुनेने नाक वर करून वास घेतला आणि म्हणाली, "अय्या, किती छान धूप लावलाय!"

आजी म्हणाल्या, "धूप कसला मेला! गांजा आहे. आमच्या वाडीत महादेवाच्या देवळामागे गोसावी उतरायचे, तेव्हापासून ओळखते मी." मग विन्याकडे वळल्या. "तू ओढतोस ना? माझे डोळे काढताना ओढू नकोस हो बाळा. मला गणपती शुद्धीतला हवा."

पक्या हसून हसून शिडीवरून पडायचा बाकी होता. मी हसले नाही. अण्णाही हसले नाहीत.

*

मग मी विन्याला फैलावर घेतलं. तर हा मलाच शिकवायला लागला!

"ताई, नॅचरल आहे. झाडाचा पाला. हात स्थिर राहतो. आणि शंकर स्वतः ओढतो, मी त्याच्याच पोराचे डोळे काढतो. मला काय होणार?"

"शंकराची आत्या विहिरीशी बोलत होती का रे?" मी म्हटलं.

डब्यातला ब्रश ढवळत बसला. पण ओढायचं थांबला नाही. पुढच्या खेपेला अण्णांच्या गोळ्या आणायला गेलो, तेव्हा त्याला मुद्दाम बरोबर नेलं. डॉक्टरीणबाईने आवाज न चढवता सांगितलं, "गांजा ओढणाऱ्या प्रत्येकाला असं होत नाही. पण तुमच्या घरात हे आहे. ज्याची भिंत आधीच ओली आहे, त्याने तिच्यावर पाणी मारत बसू नये. तुम्हाला बाकीच्यांपेक्षा धोका जास्त आहे. आणि कधी काही वेगळं वाटलं, ऐकू आलं, तर त्याच दिवशी यायचं. लाजायचं नाही."

विन्या मान डोलावून बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, मला कळतं माझं." हाच तर राग येतो मला! ज्याला कळत असतं त्याला कोणी सांगायला जातं का?

*

हात स्थिर राहतो म्हणे! एकदा संध्याकाळी मी विचारलं, "विन्या, आज किती गणपती झाले?"

"अर्धा."

सकाळपासून एका पापणीवर बसला होता. पक्या म्हणाला, "ताई, या स्पीडने डायरेक्ट पुढच्या वर्षी लवकर या!"

आणखी एक गंमत झाली. म्हणजे तेव्हा गंमत वाटली. अँटॉप हिलच्या एका सरकारी कॉलनीतली मंडळी मूर्ती न्यायला आली आणि म्हणाली, "अहो, हा दाराकडे का बघतोय?" मी बघते तर त्या रांगेतले सगळेच गणपती तिरके, दाराकडे बघणारे! पक्या लगेच म्हणाला, "पाहुण्यांची वाट बघतोय! यंदा तुमच्याकडे खूप पाहुणे येणार." मंडळी खूश होऊन मूर्ती घेऊन गेली.

अण्णा उठले. रांगेपुढून हळूहळू चालत गेले, प्रत्येक नजर बघितली. मग विन्याला विचारलं, "दारात कोण आहे रे?"

"कोणी नाही," विन्या म्हणाला. फार पटकन म्हणाला.

मीही वळून दाराकडे बघितलं.

*

आता शेवटचा किस्सा.

अण्णांनी दाराचं विचारलं, त्याला थोडेच दिवस झाले होते. दुपारची वेळ, जेवणं झालेली, नुकताच "नैवेद्य!" झालेला. विन्या गिरगावच्या आजींची मूर्ती घेऊन बसला होता. उजवा डोळा झाला. डाव्याला ब्रश टेकवायला गेला आणि थांबला. मग मान न वळवता म्हणाला, "अण्णा, हा आत्ता काही बोलला का?"

पक्याने हातातला रंगाचा डबा खाली ठेवला.

अण्णा उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले. मूर्तीकडे बघत कान देऊन ऐकलं. अगदी खरंखुरं ऐकलं हो, उगाच नाही. मग म्हणाले, "मला नाही ऐकू आलं. तुला आलं?"

विन्याने हो म्हणून मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय म्हणाला, ते मला सांगू नकोस," अण्णा म्हणाले. "डॉक्टरला सांग. चप्पल घाल."

विन्याने खिशातली पुडी काढून बापाच्या हातात दिली. अण्णांनी ती रंग धुवायच्या बादलीत टाकली आणि मुलाचा हात धरून बाहेर पडले. या वेळी नारळ नाही, पत्रिका नाहीत, लॉटरी नाही. त्याच दिवशी, त्याच दुपारी गेले.

आजींचा गणपती एका डोळ्याचा राहिला. बाकीच्या आखणीला मी लालबागचा एक माणूस आणला. त्याने आपणहून विचारलं, "हा पण करून टाकू का?" आम्ही सगळे एकदम ओरडलो, "नाही!"

चतुर्थी जवळ आली तशी आजींची सून फेऱ्या मारायला लागली. मी सांगायची, "कारागीर आजारी आहे. येईल." शेवटी एकदा आजी स्वतःच आल्या. फडकं उचलून मूर्ती बघितली. म्हणाल्या, "तोच पोरगा ना? मग मी थांबते. आमच्याकडे घाई नाही." सून म्हणाली, "अहो आई, गणपती परवा आहेत!" आजी म्हणाल्या, "परवा आहेत ना? आज नाहीत ना?" आणि स्टूल ओढून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी पुन्हा स्टुलावर हजर होत्या, तेव्हा विन्या आला. गोळ्यांनी चेहरा थोडा सुजलेला, चाल संथ. आजींना नमस्कार केला. आजी म्हणाल्या, "शुद्धीत आहेस?" विन्या म्हणाला, "आहे." ब्रश उचलला, तर हात थरथरत होता, थेट बापासारखा. अण्णा खाली बसले आणि आपला तळवा त्याच्या कोपराखाली धरला. आता अण्णांचाही हात थरथरणाराच! पण दोन थरथरणारे हात एकावर एक ठेवले आणि रेघ आली, ती सरळ आली.

डोळा झाला. विन्या मागे सरकला.

अण्णांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

विन्याने बराच वेळ गणपतीकडे बघितलं. गणपतीने त्याच्याकडे.

"काहीच नाही."

"मग झाला तयार," अण्णा म्हणाले. "आजी, घेऊन जा."