वास विचारणारे काका

"वास येतोय ना?"

कँटीनच्या मागून जाणाऱ्या प्रत्येकाला काका हात आडवा धरून हे विचारत. उत्तर मिळेपर्यंत हात खाली येत नसे. तुम्ही आमच्या विद्यापीठाच्या आवारात आला असतात, तर तुम्हालाही थांबवलं असतं.

"येतोय की! भाजीला फोडणी देववत नाही मला," कँटीनच्या मावशी खिडकीतून ओरडायच्या.

"झकास. मग चाललंय बरोबर."

कँटीनचं उष्टं-खरकटं, भाज्यांची देठं, सगळं काका सांभाळत त्या बायोगॅसच्या टाकीत जाई. त्यातून निघालेल्या गॅसवर सकाळचा चहा होई. टाकीत उरलेला पातळ रबडा बागेला देण्यासाठी शेजारी जमिनीत अर्धं गाडलेलं पंपघर होतं, सहा पायऱ्या खाली. काका मूळचे मालवणकडचे, राहायला माहुलला. मुलं म्हणायची, "काका, रिफायनरीच्या शेजारी राहता आणि वासाचं काय कौतुक?" काका हसायचे आणि पुढच्या माणसाला तेच विचारायचे.

वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी विद्यापीठाचं वार्तापत्र सांभाळत होते. पहिल्याच भेटीत त्यांनी मला धडा दिला. "मॅडम, सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो गॅस थोडा आहे. जास्त झाला की नाकच मरतं, मग माणूस. आणि आत कोणी पडलं, तर मागोमाग उतरायचं नाही. दुसराही तिथंच पडतो." हे सांगताना त्यांच्या कपाळावर घाम होता. मी तो उन्हाचा समजले.

हरित परिसराची पाहणी करायला समिती येणार होती. पंपघराची भिंत कळकट दिसते म्हणून उद्यान विभागाने तिच्यावर कुंड्यांची हिरवी भिंत चढवली. ओल लागू नये म्हणून मागे जाड प्लास्टिक ठोकलं. पंपघरात हवा खेळवणाऱ्या दोन्ही जाळ्या त्या प्लास्टिकखाली गेल्या. काका तेव्हा चार दिवस गावी होते. भिंत सगळ्यांना आवडली. वासही कमी झाला म्हणून मावशी खूश.

पाहणीच्या सकाळी मी नव्याने रंगवलेल्या पंपाचा फोटो काढायला पंपघरापाशी गेले. दार उघडताच भपकारा आला. डोळे चुरचुरले, तरी मी खाली उतरले. मी दोन फोटो काढले. तिसऱ्याच्या वेळी हवा बरी वाटली.

दारात सावली पडली. काका गावाहून थेट आले होते, खांद्यावर पिशवी होती.

"मॅडम? वास येतोय ना?"

"आत्ता होता. आता गेला."

"भायर ये!" असा आवाज मी कोणाच्याही तोंडून ऐकला नव्हता. "भायर ये गो! आदी भायर ये!"

मी वळले. पहिली पायरी चढले, दुसरीवर गुडघा टेकला. काका वर उंबऱ्याशी पालथे झोपून हात खाली लांबवत होते. पण पायरीवर पाय ठेवत नव्हते. त्यांचे डोळे मला दिसत होते. हा माणूस आत येणार नाही, हे मला त्या डोळ्यांत स्पष्ट कळलं. चौथ्या पायरीवर कॅमेऱ्याचा पट्टा त्यांच्या हाती लागला आणि त्यांनी मला ओढून काढलं.

मी गवतावर ओकत होते तेव्हा ते कुंड्या उपटून फेकत होते. प्लास्टिक नखांनी फाडत होते. परिसर अधिकारी धावत आले. "काका, वेड लागलं का? समिती गेटवर आलीय! सगळी वाट लावलीत!"

काकांनी मागे पाहिलंही नाही. दोन्ही जाळ्या मोकळ्या झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले.

"दार उघडलं तेव्हा केवढा होता वास?"

"तुम्हीही दारातच होतात ना, काका. तुम्हाला नाही आला?"

त्यांनी नखात अडकलेला प्लास्टिकचा तुकडा काढला. मग म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी ताप आला. त्यानंतर मला कसलाच वास येत नाही. फुलाचा नाही, माशाचा नाही." ते माझ्या मनगटाला धरून होते. "सांगू नका कोणाला. माझ्या जागी नाकवाला आणतील, पण त्याला भीती वाटेल का?"

मी सांगितलं. चौकशीच्या लेखी जबाबात सगळं लिहिलं: जाळ्या, प्लास्टिक, आणि काकांचं नाक. दोन वर्षं आम्ही सगळे, हसत हसत, त्यांचं नाक होतो. एखाद्या दुपारी कोणीच तिकडून गेलं नसतं तर? हा प्रश्न मी लिहिला नाही, पण त्यानंतर मला झोप लागेना.

पंपघराच्या भिंतीवर गॅस मोजायचं यंत्र बसलं. काकांना कायमचं घरी जायला सांगण्यात आलं. शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, रागावतील.

"मॅडम, कपडे पंपघरात राहिलेत. जरा दारात उभ्या राहता?"

मी उभी राहिले. यंत्राचा हिरवा दिवा चालू होता. तरी काकांनी उंबऱ्यावर थांबून आधी माझ्याकडे पाहिलं, मग उतरले. आत खुंटीचा आवाज झाला. मग काहीच नाही.

"काका!"

मी आत वाकले.

"काका!" माझा आवाज फाटला. पायरीवर माझा एक पाय गेलाही होता.

"पाय मागे घ्या आधी!" ते खालून ओरडले. "चप्पल शोधतोय."

घडी केलेला शर्ट आणि चपला काखेत धरून ते अनवाणीच वर आले. माझे दोन्ही पाय उंबऱ्याबाहेर आहेत हे त्यांनी पाहिलं, दाराला कडी घातली, दोनदा ओढून पाहिली आणि गेटकडे चालू लागले.