दुसरा सीझन होऊ द्या

डबिंगच्या धंद्यात किस्से साठायला वेळ लागत नाही, कारण आमच्याकडच्या मालिका संपतच नाहीत, बंद पडतात. संपलेल्या गोष्टीबद्दल माणूस दोन दिवस बोलतो. अर्ध्यावर बंद पडलेल्या गोष्टीबद्दल तो वर्षभर बोलतो, आणि कुणाच्या लग्नात भेटला तर तिथेही बोलतो.

आमचा स्टुडिओ नाशिकला, दिंडोरी रोडवर, द्राक्षबागांच्या औषधांच्या दुकानावर. मी तिथे रेकॉर्डिस्ट. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून परदेशी वेबसिरीज येतात आणि आम्ही त्यांना मराठी बोलायला लावतो. अशीच एक आली होती, कुठल्याशा बर्फाळ देशातल्या पोलिसांची. पहिला सीझन संपताना त्यातली तीन माणसं जिथल्या तिथे अडकली. एक पोलीसबाई, दिवस भरलेले, कळा सुरू. एक खुनी, हातात सुरा, दारामागे लपलेला. आणि एक आई, जिचा मुलगा हरवलाय. शेवटी तिचा फोन वाजतो, ती उचलते, "हॅलो?" म्हणते, आणि पडदा काळा.

पुढचं दुसऱ्या सीझनमध्ये!

•

आईचा आवाज सुलभाताईंचा. देवळाली कॅम्पातल्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर हौस म्हणून आमच्याकडे आल्या आणि आमच्याच होऊन गेल्या.

त्या सीझननंतर त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका. गाठ जाईल, पण आवाज राहील याची खात्री देता येत नाही.

सुलभाताई म्हणाल्या, "दुसरा सीझन होऊ द्या, मग करू."

डॉक्टर नाशिकचेच, सीझन म्हटलं की त्यांना द्राक्षांचाच माहीत. त्यांनी सहानुभूतीने विचारलं, "बाग कुठे आहे तुमची?"

•

पोलीसबाईचा आवाज वैशालीचा. ती एकलहऱ्याला पॉवर स्टेशनच्या कॉलनीत राहते. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी तिने घरी कळांचा सराव केला. इतका मनापासून केला की शेजारच्या काकू रिक्षा घेऊनच दारात आल्या. मग सगळ्यांना खरं काय ते सांगावं लागलं, आणि कॉलनीतल्या बायकांनी ती मालिका एकत्र बसून पाहिली.

त्यानंतर भाजी घेताना, दळण टाकताना, जिथे जाईल तिथे वैशालीला एकच प्रश्न. "काय गं, मोकळी झाली का?"

ती म्हणायची, "नाही ना. मुंबईहून मेल यायचीये."

•

मेल आली. ती इंग्रजीत होती आणि फार गोड होती. आमचे मालक मोघे सर सज्जन माणूस. त्यांनी दोनदा वाचली आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं की मालिकेला थोडी विश्रांती देतायत, तोवर आपापले घसे सांभाळा. प्रत्येकाला ज्येष्ठमधाची पुडी दिली.

आम्ही विश्रांती घेतली. सुलभाताईंनी ऑपरेशनची तारीख आणखी पुढे ढकलली. त्यांचा आवाज आता शेवटी शेवटी चरचरायला लागला होता, पाणी प्यायलं तरी साफ व्हायचा नाही. मला भीती वाटायची, आणि ते त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती.

शेवटी मोघे सरांनीच मुंबईला फोन लावला आणि विचारलं की ही विश्रांती संपणार कधी. तिकडची मुलगी गोंधळली. म्हणाली, "सर, ती मालिका तर गेली."

"कुठे गेली?" मोघे सरांनी विचारलं.

•

या धंद्यात 'बंद केली' असं कुणी म्हणत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. पॉज म्हणतात, होल्ड म्हणतात, 'पुढे नेत नाही आहोत' म्हणतात. आजारी माणसाबद्दल बोलावं तसं हळू आवाजात बोलतात.

सायखेड्यात मात्र कुणी हळू बोलत नाही. खुन्याचा आवाज आव्हाडांचा, आणि ते सायखेड्याचे. घरची कांद्याची शेती, आवाज असा की शेतातून हाक मारली तर नदीपलीकडचा माणूस वळून बघेल. मालिका बंद पडल्याची बातमी गावात त्यांच्या आधी पोचली. ग्रामसभेला आव्हाड जरा उशिरा आले आणि दाराशी थबकले. सरपंच भर सभेत म्हणाले, "या आव्हाड, दार उघडंच हाय. किती दिवस मागं उभं राहता?"

आव्हाड मला म्हणाले, "लय वाईट वाटलं. पण बसायला जागा पुढं दिली."

•

सुलभाताईंच्या घरी बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, स्टुडिओत आले. हातात पेढ्यांचा पुडा. सगळे मान खाली घालून बसलेले, आणि हे एकेकाच्या हातावर पेढा ठेवतायत.

मोघे सरांनी विचारलं, "अण्णा, कशाबद्दल?"

"मालिका बंद पडली ना."

अण्णांनी पुडा टेबलावर ठेवला आणि सांगितलं की सोमवारी ॲडमिट करतोय. "इतके महिने मी सांगतोय, मुलं सांगतायत, डॉक्टर सांगतायत, ती कुणाचं ऐकत नव्हती. मालिका बंद करणाऱ्या त्या अमेरिकेतल्या साहेबांचा पत्ता असला तर द्या. त्यांनाही पाठवतो."

मी तो पेढा खाल्ला. त्या मालिकेच्या बंद पडण्याने कुणाचं भलं झालं असेल तर ते अण्णांचं.

•

ऑपरेशन नीट झालं. गाठ गेली, साधीच निघाली. आवाजही गेला. सुलभाताई आता कुजबुजतात. कान तोंडाजवळ नेला तर कळतं, नाहीतर नाही. स्टुडिओत येणं त्यांनी बंद केलं.

बऱ्याच दिवसांनी मुंबईहून पुन्हा फोन आला. प्रेक्षकांनी फारच ओरड केली, म्हणून गोष्ट गुंडाळायला एकच शेवटचा भाग काढलाय.

आव्हाडांचा खुनी पहिल्याच दृश्यात मेलेला सापडला. मेलेल्याला संवाद नसतात, त्यामुळे ते सायखेड्याला परत गेले. वैशालीच्या पोलीसबाईच्या मांडीवर थेट बाळच होतं. तिने स्टुडिओतूनच सासूला फोन करून कळवलं, "झाली. मुलगी."

राहिली आई. तिचाही आवाज आता वैशालीच देणार होती. मोघे सरांनी हे सुलभाताईंच्या घरी जाऊन स्वतः सांगितलं. त्यावर त्यांनी फक्त मान हलवली, आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी येऊन माझ्याशेजारच्या खुर्चीत बसल्या.

वैशाली बूथमध्ये. मी चित्र सुरू केलं. आईच्या कानाला फोन. पलीकडून कुणीतरी बोलतंय, आपल्याला ऐकू येत नाही. ती ऐकते. भिंतीला हात लावते. ऐकत ऐकतच हळूहळू खाली बसते. दृश्य संपतं.

वैशालीने कागद उलटेपालटे केले. "सर, हिचे डायलॉग कुठायत?"

डायलॉग नव्हतेच. ती नटी तोवर दुसऱ्या मालिकेत गेली होती, एवढंच एक दृश्य तिने करून दिलं होतं. मोघे सर म्हणाले की नुसता श्वास भर. आमच्याकडे मूळ आवाज काढला की श्वासही जातो, तो नव्याने घ्यावा लागतो.

सुलभाताई उठल्या. बूथचं दार उघडून आत गेल्या. वैशालीच्या कानांवरचा हेडफोन हलकेच काढला आणि स्वतःच्या कानांवर चढवला. वैशाली बाजूला झाली. त्या माइकला अगदी चिकटून उभ्या राहिल्या आणि काहीतरी कुजबुजल्या. माइकमधून ते आम्हाला स्पीकरवर स्वच्छ ऐकू आलं.

"ही माझी आहे."

मी रेकॉर्डिंग सुरू केलं.